बिनलोण्याची वेणी

३ फेब्रुवारी
बेकरी, दुपार

विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. फोनच करणार होते, पण तुम्हाला कमी ऐकू येतं आणि माझ्याकडे भट्टीचा पंखा घुंघुं करतो. दोघी नुसत्या ‘हो, हो’ करत बसतो आणि फोन ठेवल्यावर कुणालाच काही कळलेलं नसतं. म्हणून लिहितेय. कागदावर पिठाचे डाग दिसतील, त्याला इलाज नाही.

येत्या एकवीस तारखेला बेकरीला चाळीस वर्षं होतात. लेक म्हणाली, मोठी पार्टी कर. मी म्हटलं, करते, पण त्या दिवशी मी काही भाजणार नाही! चाळीस वर्षं लोकांना खायला घालतेय, एक दिवस लोकांनी मला घालावं. तेव्हा ठरलं असं, की प्रत्येकाने आपापल्या घरून आठ-दहा जणांना पुरेल असा एक पदार्थ आणायचा. ओव्हन चालू ठेवते, आणलेलं गरम करून देण्याचं काम माझं.

तुम्ही यायचंच आहे. पण खरं सांगू का, तुम्हाला लिहायला बसले आणि आधी ते लग्नच आठवलं. मुलांच्या लग्नात तुम्ही काकडीच्या चार चकत्या आणि एक संत्रं खाल्लंत आणि वर म्हणालात, “पोट भरलं.” मुलीची आई म्हणून मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते तुमचं व्हीगन मला अजून नीट कळलेलं नाही. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. मग माझ्या बेकरीत उरलं काय? मीठ आणि मी!

तुमच्यासाठी वेगळं ताट काढून ठेवू का? काय ठेवू तेवढं कळवा. जावईबापू म्हणतात, “आईचं टेन्शन घेऊ नका.” त्यांना काय जातंय म्हणायला.

तुमची,
विहीण


१० फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. येते. वेगळं ताट मात्र अजिबात नको. वेगळं ताट म्हणजे आजाऱ्याचं ताट. सगळे येऊन विचारतात, “तुम्हाला हे चालत नाही का हो? मग तुम्ही खाता तरी काय?” आणि मी खायचं सोडून उत्तरं देत बसते.

मी सगळ्यांसाठी आणीन. काय आणावं याचा आठवडाभर विचार केला. मागे दवाखान्यातल्या जुन्या मंडळींच्या जेवणाला मोठं भांडं भरून छोल्यांचं सॅलड नेलं होतं. कुणीतरी ते टेबलाच्या पार टोकाला, कागदी रुमालांच्या शेजारी सरकवलं. पुढचे तीन दिवस मी एकटी तेच खात होते. तेव्हापासून शहाणी झाले. दुधातुपाचं खाणाऱ्या लोकांत न्यायचं तर थंड, हिरवं आणि तब्येतीला चांगलं असं काही नेऊ नये. गरम हवं, वास सुटायला हवा आणि कापताना आतून काहीतरी बाहेर यायला हवं.

म्हणून भरलेली वेणी आणते. पावाचंच पीठ, तीन पेडांची वेणी, आत मशरूम, अक्रोड, खरपूस कांदा आणि भरपूर मिरी. घरून भाजून आणीन, तुम्ही फक्त दहा मिनिटं गरम करून द्या. एक अट आहे. खाऊन होईपर्यंत ती कशाची आहे हे कुणाला सांगायचं नाही.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, तुमचा सभ्यपणा. पण आता वर्षभराचं नातं झालं, तर सांगते. मी जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते. आमच्याकडे मोठमोठे गोठे होते. वासरू जन्मलं की एक-दोन दिवसांत त्याला आईपासून वेगळं करायचं. दोर माझ्या हातात असायचा. मागे गाय हंबरत राहायची आणि मी पुढे तक्ता भरायचे. नोकरी होती, केली. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन चहा केला, त्यात दूध ओतायला भांडं उचललं, आणि ओतवेना. बस्स. त्याला आता चार वर्षं झाली. एकदाही मोडलेलं नाही. मी देवाधर्माची बाई नाही, पण हे एक पाळते. कुणी पाळावं असं मात्र म्हणत नाही, तेव्हा घाबरू नका, तुमच्या पाहुण्यांना उपदेश करणार नाही.

तुमची,
विहीण


२४ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

अहो, काय तो दिवस! परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारची बाई दोनदा सरकून बसली.

माझी वेणी तुम्ही ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवलीत तेव्हा ती इतकी चकचकीत दिसत होती की क्षणभर मीच ओळखली नाही. म्हटलं, तुमच्या ओव्हनची करामत! आणि मग ती उडालीच हो. मोजून नऊ मिनिटं. शेजारी तुमच्या शिंपीणबाईंची चिकनची थाळी होती, चीज घातलेले बटाटे होते, तरी लोक माझ्या ट्रेकडे येत होते. तुम्ही मात्र त्या वेळी आत-बाहेर करत होतात, दोनदा हाक मारली तरी आला नाहीत. यजमानीणबाईंना फुरसत कुठली!

तुमचे दूधवाले तर काय माणूस! तीन तुकडे खाल्ले आणि मग मी जाहीर केलं, यात दूध नाही, लोणी नाही, काही नाही. ते म्हणाले, “बाई, तीस वर्षं दूध-लोणी विकतोय. हे बिनलोण्याचं असेल तर मी मिशा उतरवीन.” मी म्हटलं, “उतरवा!” माझ्या हातची, माझ्या घरची वेणी, मला नाही माहीत? सगळ्यांसमोर त्यांनी कान पकडले. तुमची लेक सांगत होती की दुसऱ्या दिवशी खरोखरच मिशा काढून आले. शब्दाचा पक्का माणूस.

मीही दोन तुकडे खाल्ले. एरवी मी स्वतःच्या हातचं कौतुक करत नाही, पण विहीणबाई, ती चव! लहानपणी आई गरम पावाचा पहिला तुकडा मला द्यायची, तसं काहीतरी वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा मला लोकांत बसून जेवल्यासारखं वाटलं. अकरा जणांनी कृती मागितली, परवाच सगळ्यांना लिहून पाठवली.

मुलांच्या नव्या घराची पार्टी सव्वीस एप्रिलला ठरतेय. त्यांच्या ऑफिसची चाळीस माणसं येणार. मी सांगून टाकलंय, तीन वेण्या माझ्याकडून.

तुमची आनंदी,
विहीण


४ मार्च
बेकरी

विहीणबाई,

पत्र मिळालं. हो, वेणी चांगली झाली होती. सगळ्यांना आवडली.

इकडे मैद्याची नवी पोती आली आहेत, पाणी जास्त लागतंय. गुडघा बरा आहे. दूधवाले रोज सकाळी येतात. मिशांशिवाय ते कसेसेच दिसतात, मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

चाळीस माणसांना तीन वेण्या म्हणजे फार काम होईल तुम्हाला. त्यापेक्षा फळं आणलीत तर? फळं सगळ्यांनाच आवडतात.

तुमची,
विहीण


१५ मार्च

प्रिय विहीणबाई,

फळं? तुम्ही माझ्या काळजीपोटी म्हणालात ते कळलं, पण मी अजून इतकी थकलेली नाही. आणि दूधवाल्यांचं एवढं मनाला लावून घेऊ नका, त्यांनीच हौसेने उतरवल्या.

माझी अडचण वेगळीच आहे. त्या दिवसापासून घरी चारदा वेणी केली. तेच पीठ, तेच मशरूम, तीच मी. जमत नाहीये! आतलं सारण ठीक, पण वरचं कवच कोरडं, पुठ्ठ्यासारखं. तुमच्याकडे कशी बोटाने दाबली तर दबत होती. शेजारणीला चाखायला दिली तर म्हणाली, “छान आहे, पौष्टिक आहे.” पौष्टिक म्हणाली म्हणजे संपलंच. कृती मागितलेल्या अकरा जणांपैकी तिघांचं पत्र आलं की काहीतरी लिहायचं राहिलंय का. मला मेलीला लाज वाटली.

शेवटी ठरवलंय. करामत तुमच्या ओव्हनची आहे. पुढच्या गुरुवारी मी पीठ घेऊन तुमच्याकडेच येते. तुमच्यासमोर भाजते, तुम्ही बघा आणि माझं काय चुकतंय ते सांगा. दूधवाल्यांनाही बोलावून ठेवा, एक तुकडा त्यांच्या मिशांच्या आठवणीला.

तुमची,
विहीण


१८ मार्च
बेकरी, सकाळ

विहीणबाई,

गुरुवारी येण्याआधी हे पत्र वाचा. मग यायचं की नाही ते ठरवा.

तुमचं काहीच चुकत नाहीये. ओव्हनचीही करामत नाही. त्या दिवशी तुमच्या वेणीवर मी लोणी लावलं.

मुद्दाम नाही हो, गळ्याशपथ. माझ्या ओव्हनच्या उजव्या हाताला खिळ्यावर एक ब्रश टांगलेला असतो आणि खाली पातळ लोण्याचं पातेलं. ट्रे बाहेर आला की डाव्या हाताने धरायचा, उजव्याने ब्रश फिरवायचा. चाळीस वर्षं हेच. आमच्याकडे ओव्हनमधून लोणी लावल्याशिवाय पावाचा एक तुकडा बाहेर गेलेला नाही. त्या दिवशी बारा जणांचे बारा ट्रे होते, मी बोलत होते, हसत होते, आणि हात आपला फिरत होता. तुमची वेणी टेबलावर ठेवून परत आले, हातातल्या ब्रशकडे पाहिलं तर तो लोण्याने थबथबलेला.

धावत बाहेर आले तोवर तुम्ही पहिला घास घेतला होता. डोळे मिटले होते तुमचे. मी तुम्हाला कधी असं खाताना पाहिलेलं नाही. चार वर्षांचं तुम्ही मला लिहिलं होतं, ते पत्र माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं त्या क्षणी. तुमच्याकडे येता येता पाय मागे घेतला. मग दूधवाल्यांनी पैज मारली, लोक हसायला लागले, आणि ती वेळ निघून गेली. मी आत जाऊन पिठाच्या पोत्यावर बसले. आत-बाहेर करत होते ते त्यासाठी.

नंतर लिहायला हवं होतं. दोनदा बसले. पण तुमचं ते आनंदी पत्र आलं आणि मी मूग गिळून गप्प बसले. शिवाय मी मुलीची आई. मनात आलं, माझ्या हातून तुमचं व्रत मोडलं हे कळल्यावर तुम्ही माझ्या लेकीकडे कशा नजरेने बघाल? हा विचार मनात आला याचीही आता लाज वाटते, कारण तुम्ही तशा नाही हे मला माहीत आहे.

त्या माणसाने खरं बोलून मिशा घालवल्या. रोज सकाळी त्यांचा तो उघडा ओठ दारात उभा राहतो आणि मी खाली मान घालून कॅन मोजत बसते. तरी त्यांनाही मी काही बोललेले नाही. आधी तुम्हाला कळायला हवं.

माफी मागते.

विहीण


९ एप्रिल

विहीणबाई,

गुरुवारी आले नाही. तीन आठवडे लिहिलंही नाही. मुलांना काही बोललेले नाही, आणि तुमच्या लेकीचा यात काडीचा संबंध नाही. ती परवा येऊन माझे पडदे शिवून देऊन गेली. तेव्हा ती धास्ती आधी डोक्यातून काढा.

मला राग आला. फार आला. लोण्याचा कमी, कारण सवयीचा हात मला कळतो. मी अजून झोपेत मांजराची नाडी बघते. राग आला तो त्या चार मार्चच्या पत्राचा. “फळं आणलीत तर?” अहो, मी इथे चार चार वेळा पीठ मळत होते, स्वतःला दोष देत होते, अकरा घरांत खोटी कृती पाठवून बसले होते, आणि तुम्ही मला मैद्याच्या पोत्यांचं सांगत होतात! मी तुम्हाला गाईची गोष्ट सांगितली होती. ती मी माझ्या मुलालासुद्धा सांगितलेली नाही.

आता दुसरं सांगते, कारण तुम्ही खरं लिहिलंत तर मलाही लिहायला हवं. मला वाटलं होतं, कळल्यावर किळस येईल. आली नाही. ती चव मला आवडली होती आणि अजून आठवते. आईने दिलेला गरम पाव मला आठवला, तो लोण्यामुळेच आठवला असणार. हे पचवायला मला तीन आठवडे लागले. चार वर्षं मी समजत होते, मला आता त्या चवीची ओढच नाही, म्हणून मी सोडू शकले. ओढ आहे. ओढ असून सोडायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोजणी मी परत पहिल्या दिवसापासून सुरू केली आहे.

अकरा जणांना लिहून टाकलं की त्या दिवशीच्या वेणीला लोणी लागलं होतं, कृती चुकीची आहे, क्षमस्व. कुणी आणि कसं लावलं ते लिहिलेलं नाही. दूधवाल्यांचं मात्र पत्रावर भागणार नाही. पैज मी मारायला लावली होती. त्यांच्या समोर उभी राहून सांगेन.

सव्वीस तारखेच्या तीन वेण्या मी शब्द दिल्याप्रमाणे नेणार. कोरड्या तर कोरड्या.

विहीण


१३ एप्रिल
बेकरी

विहीणबाई,

तुम्ही रागावलात हे बरं झालं. तुमचं पत्र येईना तेव्हा मी दर टपालाला दारात जाऊन उभी राहत होते. बोलणी खाल्ली आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

पुन्हा माफी मागत नाही, काम केलंय ते सांगते. अठरा मार्चपासून रोज दुपारी दुकान बंद असताना एक वेणी करतेय. तुमच्याच कृतीने, पण लोण्याला हात न लावता. नुसतं पाणी लावून पाहिलं, चामडं झालं. सोयाबीनच्या दुधाने रंग सुरेख आला, पण कवच कडकच. चौदाव्या वेणीला जमलं. भाजण्याआधी सोयाबीनच्या दुधाचा हलका हात. बाहेर काढली की लगेच, अगदी लगेच, चिमूटभर मीठ घातलेल्या तेलाचा हात, आणि जाड फडक्याखाली दहा मिनिटं झाकून ठेवायची. आतल्या वाफेने कवच मऊ पडतं. लोण्यासारखी लागते असं म्हणणार नाही. आता तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. पण बोटाने दाबली तर दबते.

आणखी एक. ओव्हनच्या डाव्या हाताला नवीन खिळा ठोकलाय. त्यावर नवा ब्रश, दांड्याला हिरवा दोरा बांधलेला. तो लोण्यात कधी गेलेला नाही, जाणार नाही. डावीकडे अशासाठी, की हात सवयीने तिकडे जातच नाही. तो घ्यायचा तर मला थांबावं लागतं, बघावं लागतं. हवा असेल तर जावईबापूंबरोबर तुमच्या घरी पाठवते.

दूधवाल्यांना मी सांगणार होते. पण तुम्ही म्हणालात समोर उभी राहून सांगेन, म्हणून जीभ आवरून धरली आहे. लवकर या. मला ते फार जड जातंय.

तुमची,
विहीण


२९ एप्रिल

प्रिय विहीणबाई,

काल घरी पोचले. पाय सुजलेत, मन हलकं आहे.

तुमच्याकडे पंचवीसला पहाटे आले तेव्हा तुम्ही सरळ ॲप्रन पुढे केलात, ते फार बरं केलंत. मी रडले असते तर पिठात पडलं असतं. आणि दूधवाले कॅन घेऊन आले तेव्हा आपण दोघी दारात शाळेतल्या मुलींसारख्या एकमेकींना ढोसत उभ्या होतो. “तुम्ही सांगा.” “नाही, तुम्ही.” शेवटी दोघी एकदम बोललो. त्यांनी कॅन खाली ठेवला, ओठावरून हात फिरवला आणि म्हणाले, “म्हणजे माझी जीभ अजून शाबूत आहे! बायको दोन महिने म्हणतेय, तुम्ही म्हातारे झालात.” मिशांचं काय, तर म्हणे वाढतात. तुम्ही पदराने डोळे पुसत होतात ते मी पाहिलं.

पार्टीचं तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्ही स्वयंपाकघरात होतात तेव्हाचं सांगते. मी वेण्यांसमोर चिठ्ठी ठेवली. ‘यात दूध, लोणी, अंडं नाही.’ या वेळी खाण्याआधीच. लोकांनी चिठ्ठी वाचली आणि बरेच जण न घेताच पुढे सरकले. नऊ मिनिटांत काही उडाली नाही. एक संपली, दुसरी अर्धी, तिसरीला कुणी शिवलं नाही. पण ज्यांनी घेतली त्यांनी ती कशाची आहे हे माहीत असून घेतली. एक मुलगी दुसऱ्यांदा आली आणि हळूच म्हणाली की तिलाही दूध सोडायचंय, पण घरी सांगायची भीती वाटते. तिच्याशी मी अर्धा तास बोलले.

दूधवाले मुद्दाम आले होते ना? एक तुकडा खाऊन बराच वेळ चघळत बसले. मी जीव मुठीत धरून उभी. म्हणाले, “हां. हे बिनलोण्याचं.” आणि दुसरा तुकडा घेतला. विहीणबाई, त्या अकरा जणांच्या कौतुकापेक्षा मला तो दुसरा तुकडा मोठा वाटला.

मग तुम्ही डबा घेऊन आलात आणि उरलेली अख्खी वेणी मागून घेतलीत. मी म्हटलं, दया दाखवू नका. तुम्ही म्हणालात, “दया कसली? सकाळी चहाबरोबर मला लागते आता, चौदा खाऊन सवय झालीय.” खरं होतं की नाही, मला माहीत नाही. तुम्ही खोटं न बोलायचं ठरवलंय, म्हणून खरं धरते.

ब्रश पाठवू का असं परत विचारलंत. नको. माझ्या घरी तो एका भांड्यात पडून राहील. तुमच्याकडे त्या डाव्या खिळ्यावरच असू दे. चार वर्षं मी जिथे जाईन तिथे आपला डबा नेत होते, खात होते आणि घासून परत आणत होते. कुणाच्याही घरात माझी एक वस्तू अशी टांगलेली नव्हती.

पुढच्या गुरुवारी येते. पीठ तुमचं घ्या.

तुमचीच,
विहीण